मित्रांचं लेखन, हजार प्रती आणि दिवसा मोकळं असलेलं छपाई यंत्र

२००८ साल सरताना लंडनमधल्या रसेल डेव्हिस आणि बेन टेरेट या दोघांनी एक वर्तमानपत्र तयार केलं. त्यात बातम्या नव्हत्या. डिझाइन, जाहिरात आणि संगणक या क्षेत्रांत वावरणारे त्यांचे मित्र वर्षभर इंटरनेटवर जे लिहीत होते, एकमेकांना जी उत्तरं देत होते, त्यातलं आवडलेलं निवडून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर उतरवलं. नावही सरळ ठेवलं: 'आमच्या मित्रांनी इंटरनेटवर लिहिलेल्या गोष्टी, २००८'. १००० प्रती छापल्या आणि मित्रांना पाठवल्या.

या एका कृतीतून पुढे एक व्यवसाय उभा राहिला, त्याला डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला आणि तो आजही चालू आहे. पण मला या प्रकरणात रस आहे तो त्या यशापेक्षा आधीच्या भागात. मराठीत अक्षररचना, मुखपृष्ठं, पाट्या, सुलेखन यांवर व्हॉट्सॲपच्या गटांत आणि फेसबुकवर फार चांगलं बोललं जातं. एखाद्या जोडाक्षराच्या घडणीवर चार जाणकार रात्री उशिरापर्यंत वाद घालतात, जुन्या अंकांचे फोटो टाकतात, चुका दाखवतात. दोन आठवड्यांनी ते सगळं खाली गेलेलं असतं. 'याचं पुस्तक व्हायला हवं' असं कुणीतरी म्हणतं आणि तिथेच थांबतं. लंडनच्या त्या दोघांचं काम का थांबलं नाही, हे नीट पाहिलं तर आपल्याकडे ते कुठे अडतं तेही दिसतं.

काळ कसा होता

डेव्हिस जाहिरात क्षेत्रातला, रणनीती आखणारा माणूस. टेरेट ग्राफिक डिझायनर. त्यांच्या छोट्या गटाचं नाव रिअली इंटरेस्टिंग ग्रुप. डेव्हिसने २००७ मध्ये लंडनच्या कॉनवे हॉलमध्ये 'इंटरेस्टिंग' नावाची एक परिषद भरवली होती. ज्याला ज्या गोष्टीचं वेड आहे त्याने त्यावर थोडा वेळ बोलायचं, एवढंच तिचं स्वरूप. म्हणजे लोक जमवायची आणि त्यांना बोलतं करायची सवय आधीपासून होती. वर्तमानपत्र त्याच सवयीतून आलं.

तो हिवाळा वर्तमानपत्रांसाठी मात्र वाईट होता. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या ट्रिब्यून कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फेब्रुवारी २००९ मध्ये डेन्व्हरचं 'रॉकी माउंटन न्यूज' बंद पडलं आणि मार्चमध्ये सिॲटलच्या 'पोस्ट-इंटेलिजन्सर'ने छापील अंक थांबवला. कागदाचे दिवस संपले असं सगळे म्हणत असताना इंटरनेटवरच जगणाऱ्या माणसांनी उलट दिशेने पाऊल टाकलं. यात हट्ट किंवा जुन्याची ओढ शोधणं सोपं आहे, पण खरं कारण यंत्राच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातून हाती काही लागत नाही.

यंत्राचा हिशेब

वर्तमानपत्र रोटरी ऑफसेटवर छापतात. कागद रिळातून सलग धावतो, शाई कागदात मुरून वाळते, आणि यंत्राच्या शेवटी घडी घातलेला अंकच बाहेर पडतो. वेग प्रचंड. ताशी ३०,००० प्रती धरल्या तर १००० प्रतींना लागतात २ मिनिटं. हा आकडा मनात पक्का बसला की बाकी सगळं उलगडतं.

खर्च त्या २ मिनिटांचा नसतोच. खर्च असतो प्लेटचा (पानांचा ठसा उमटवणारे धातूचे पातळ पत्रे, प्रत्येक रंगाला वेगळे), त्या यंत्रावर चढवण्याचा, रंग एकमेकांवर बसवण्याचा, आणि हे जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या कागदाचा. सुरुवातीचे काहीशे अंक रद्दीत जातात, मग चांगला अंक येऊ लागतो. म्हणूनच १००० ऐवजी १५०० प्रती घेतल्या तर किमतीत फार फरक पडत नाही. पानं आणि रंग वाढवले तर मात्र पडतो. समजा टॅब्लॉइडची, म्हणजे नेहमीच्या दैनिकाच्या निम्म्या आकाराची, १६ पानं आहेत आणि एका प्लेटवर दोन पानं मावतात. फक्त काळ्या शाईत ८ प्लेट लागतील. सगळी पानं चार रंगांत केली तर ३२. लेखनप्रधान अंकाने काळ्या शाईवर समाधान मानलं तर तो चौपट हलका होतो. 'परवडत नाही' म्हणणाऱ्या कित्येक गटांनी हा एक भागाकार केलेला नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. दैनिकाचं यंत्र रात्री धावतं. दिवसाचे बरेच तास ते मोकळं असतं, आणि त्या वेळात बाहेरचं काम मिळालं तर छापखान्याला हवंच असतं. आपल्याकडेही हे नवं नाही: जिल्ह्याच्या गावातली कितीतरी साप्ताहिकं स्वतःचं यंत्र नसताना दुसऱ्याच्या यंत्रावर जॉब वर्क म्हणून निघतात. लंडनच्या दोघांनी वेगळं काय केलं, तर छापखान्याच्या दारात वर्तमानपत्रवाला म्हणून न जाता एका मित्रमंडळाच्या वतीने गेले. एवढं मोठं यंत्र इतक्या लहान कामासाठी वापरता येतं, हे त्या मंडळाबाहेरच्या डिझायनरांना ठाऊकच नव्हतं. छापखान्यांना ते माहीत होतं, पण त्यांना हे गिऱ्हाईक माहीत नव्हतं. मधली भिंत पातळ होती आणि ती कुणीतरी ओलांडायची बाकी होती.

निवड

त्या अंकाच्या नावात संपादनाचे सगळे नियम बसले आहेत. मित्रांनी लिहिलेलं असावं, इंटरनेटवर लिहिलेलं असावं, २००८ मधलं असावं. चौथा नियम नाही. 'सर्वोत्तम' असा दावा नाही, 'प्रातिनिधिक' असाही नाही. त्यामुळे कुणाला वगळलं याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही आणि कुणाला घेतलं याचा भारही कुणावर येत नाही.

मला हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. गटातलं बोलणं छापायला घेतलं की पहिली अडचण पैशांची नसते, न्यायाची असते. अमक्याचं घेतलं तर तमक्याचं का नाही? मग समिती नेमली जाते, समिती निकष ठरवते आणि निकषांवर वाद सुरू होतात. तोपर्यंत मूळ उत्साह विरलेला असतो. एक किंवा दोन माणसांनी उघडपणे 'ही आमची आवड' असं सांगून निवड करावी, हे गटाला लोकशाहीविरोधी वाटू शकतं. पण वाचकाच्या हातात जे पडतं त्याला त्यामुळेच चव येते. दुसऱ्या कुणाला वेगळी निवड करायची असेल तर त्याने दुसरा अंक काढावा. खर्च इतका कमी असेल तर ते शक्यही असतं.

उलट टोकाचं उदाहरण त्याच काळातलं, त्याच शहरातलं आहे. जेम्स ब्रायडल या लेखक-कलाकाराने २०१० मध्ये विकिपीडियावरच्या इराक युद्धाच्या नोंदीत डिसेंबर २००४ ते नोव्हेंबर २००९ या काळात झालेला प्रत्येक बदल छापला. १२,००० बदल, जवळजवळ ७,००० पानं, १२ खंड. तिथे काहीही न वगळणं हाच मुद्दा होता: इतिहास कसा भांडत भांडत लिहिला जातो, हे त्या खंडांच्या जाडीवरूनच कळावं. ते खंड वाचायचे नाहीत, पाहायचे आहेत. आपला हेतू दाखवण्याचा आहे की वाचून घेण्याचा, हे आधी ठरवायला हवं. डिझायनरांच्या चर्चेची पुस्तिका वाचली जावी असं वाटत असेल तर दहातल्या नऊ गोष्टी सोडाव्याच लागतील. आभार, स्मायली, 'अगदी बरोबर', चौथ्यांदा आलेला तोच मुद्दा हे सगळं गप्पांना ऊब देतं, पण कागदावर जागा अडवतं.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. संवाद छापताना उत्तर ठेवून प्रश्न काढून टाकण्याचा मोह होतो, कारण उत्तर 'लेख' वाटतं. तसं केलं की उत्तराचा सूर बिघडतो. कुणीतरी विचारलं होतं म्हणून ते त्या आवेशात लिहिलं गेलं. प्रश्न गेला की लिहिणारा उगाच चिडलेला किंवा उगाच शिकवणारा वाटतो. प्रश्न एका ओळीत का होईना, राहिला पाहिजे. लिंक असेल तर ती कशाची होती हे वाक्यात सांगावं लागतं. 'वरच्या फोटोत' असं लिहिलं असेल तर तो फोटो तरी हवा, नाहीतर ते वाक्य तरी जावं. एवढी डागडुजी प्रत्येक तुकड्याला लागते, आणि ती मूळ लिहिणाऱ्याला दाखवूनच करावी लागते.

मिळालेला प्रतिसाद

अंक हातोहात फिरला आणि लोक विचारू लागले की हे कसं केलं, आम्हालाही करायचं आहे. त्यातून २००९ मध्ये डेव्हिस, टेरेट आणि प्रोग्रामर टॉम टेलर यांनी न्यूजपेपर क्लब सुरू केला. चॅनल फोर या वाहिनीच्या, डिजिटल प्रकल्पांना पैसे देणाऱ्या ४आयपी निधीतून सुरुवातीचं पाठबळ मिळालं. कल्पना एका वाक्यात मावते: कुणालाही स्वतःचं वर्तमानपत्र थोड्या प्रतींत छापून देणं. मांडणीसाठी संकेतस्थळावर साधन, मागे छापखान्याची व्यवस्था.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, लंडनच्या डिझाइन म्युझियमच्या वार्षिक पुरस्कारांत ग्राफिक विभागाचा पुरस्कार न्यूजपेपर क्लबला मिळाला. त्याच वर्षी ४आयपी निधी गुंडाळला गेला, पण क्लब चालू राहिला. पुढे त्याचा कारभार ग्लासगोला गेला आणि अ‍ॅन वॉर्ड यांनी सूत्रं सांभाळली. डिजिटल छपाई आल्यावर एकच प्रतसुद्धा छापून मिळू लागली. आज तिथे तीन आकार मिळतात. सर्वांत लहान 'मिनी' १८० × २६० मिलिमीटर, म्हणजे पुस्तिकेच्या जवळचा. लग्नाची वर्तमानपत्रं, विद्यार्थ्यांचे कामाचे नमुने, छायाचित्रांच्या मालिका असं काय काय त्यावर निघतं.

या दोघांचं पुढचं कामही त्याच स्वभावाचं आहे. ते ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागात गेले आणि टेरेट तिथे डिझाइन विभागाचे प्रमुख होते. त्या विभागाच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळाला २०१३ मध्ये डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. अलंकार टाळून साधी, वाचता येणारी मांडणी करायची, हा धागा दोन्हीकडे दिसतो. क्लबच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी सरकारी खुल्या माहितीवरून एका पोस्टल विभागापुरतं नमुना वर्तमानपत्रही केलं होतं. नव्याने राहायला आलेल्या माणसाला आपल्या परिसरातल्या सेवा, वाहतूक, गुन्ह्यांची आकडेवारी एका अंकात मिळावी, असा त्याचा हेतू होता.

शेजारचा प्रयोग

याच्या शेजारी आणखी एक लंडनचा प्रयोग ठेवून पाहावा. बर्ग नावाच्या डिझाइन संस्थेने २०१२ मध्ये 'लिटल प्रिंटर' बाजारात आणला. किंमत १९९ पौंड. पावती छापणाऱ्या यंत्रासारखा तो चिमुकला, गोड चेहऱ्याचा प्रिंटर इंटरनेटवरून आपल्या आवडीच्या गोष्टी उचलून रोज एक पट्टी छापून द्यायचा. डिझाइन म्हणून ते फार देखणं काम होतं. पण छपाईचा सगळा मजकूर बर्गच्या सर्व्हरवरून यायचा. २०१४ मध्ये बर्गने काम आवरलं आणि प्रिंटर गप्प झाले. काही वर्षांनी दुसऱ्या मंडळींनी ते पुन्हा चालू करण्याची सोय केली, तो भाग वेगळा.

दोन्ही प्रयोगांत इंटरनेटवरचं लेखन कागदावर येतं. फरक असा की लिटल प्रिंटरच्या पट्टीमागे संपादक नाही आणि तिचा अंकही होत नाही. ती रोज येते आणि रोज फेकली जाते. वर्तमानपत्राला पहिलं पान असतं, शेवटचं पान असतं आणि तारीख असते. गटातलं बोलणं कधी संपतच नाही, म्हणून तर त्याची पुस्तिका करताना एक रेघ मारून 'इथपर्यंत' म्हणावं लागतं.

टिकण्याबद्दल

छापलं म्हणजे टिकलं, असं अशा प्रकल्पांच्या प्रस्तावनेत हमखास लिहिलेलं असतं. वर्तमानपत्राच्या कागदाबाबत ते खोटं आहे. हा कागद यांत्रिक लगद्याचा. त्यातलं लिग्निन (लाकडातला, कागद पिवळा पाडणारा घटक) काढलेलं नसतं, त्यामुळे उन्हात काही दिवसांत पिवळा पडतो. टिकतं ते वेगळ्या अर्थाने. हजार प्रती हजार घरांत असतात आणि एका कंपनीच्या निर्णयाने त्या सगळ्या एका दिवसात नाहीशा होत नाहीत. जिओसिटीज, जिथे लोक फुकट आपापली पानं बनवत, ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट, जिथे मराठी तरुणांच्या कितीतरी समुदायांनी पहिल्यांदा देवनागरीत एकमेकांशी गप्पा मारल्या, सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. याहू ग्रुप्स या ईमेल-गटांच्या सेवेवरचा साठा डिसेंबर २०१९ मध्ये पुसायला घेतला गेला. या तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्यांना सूचना मिळाली होती. तरी वाचलं फार थोडं, कारण उचलून ठेवण्याचं काम कुणा एकाचं नव्हतं.

मराठीची गंमत अशी की आपण हा प्रवास उलटा केला आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि शतकाच्या दुसऱ्या टोकाला मराठी संकेतस्थळांनी तोच दिवाळी अंक इंटरनेटवर नेला. अनुक्रमणिका, मुखपृष्ठ, संपादकीय, सगळा कागदाचा साज पडद्यावर आला. म्हणजे अंक म्हणजे काय, त्याला सुरुवात आणि शेवट का हवा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. त्याही आधी १९५० च्या दशकात मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर (मेणकागदावरून प्रती काढणाऱ्या साध्या यंत्रावर) निघत होतं. ते काढणाऱ्या कवींपैकी अरुण कोलटकर पुढे जाहिरात क्षेत्रातले नामवंत ग्राफिक डिझायनर झाले. मित्रांचं लेखन मोजक्या प्रतींत, हाताशी असलेल्या यंत्रावर काढण्याची वाट आपल्याकडे मळलेलीच आहे.

देवनागरीत हे करायचं तर

इंग्रजी अंकाला न भेडसावणाऱ्या काही अडचणी आपल्याला येतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. रोमन अक्षरापेक्षा देवनागरीत तिचा त्रास जास्त, कारण वेलांट्या, मात्रा, रफार, जोडाक्षरातले अर्धे आकार यांच्यातली पोकळी आधीच लहान असते. बारीक टाइपात 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांतला फरक बुजतो. म्हणून अक्षर थोडं मोठं, पोकळ्या मोकळ्या आणि जाड-बारीक रेषांत फार अंतर नसलेलं हवं. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला 'मुक्ता' मुक्त परवान्यावर मिळतो आणि या कामाला चालतो. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं टाळावीत. चारही रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेली काळी पट्टी असेल तर रंग जरा सरकले तरी अक्षरांच्या कडा भरून जातात. फोटोंमध्ये चारही शाईंची बेरीज (एकेक शाई जास्तीत जास्त १०० टक्के धरून) २४० टक्क्यांच्या आत ठेवावी, नाहीतर शाई समोरच्या पानावर उमटते.

गटातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, असतो ही मोठी सोय आहे, पण बरेच डीटीपीवाले (संगणकावर पानं लावणारे) अजून जुन्या फाँटांवर काम करतात. रूपांतरात र्‍य, ॲ, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि अवतरणचिन्हं बिघडतात. शक्य असेल तर अंक सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लावावा आणि छापखान्याला फाँटसह पक्की पीडीएफ द्यावी. प्रूफ कागदावर छापूनच वाचावं, तेही प्रत्यक्ष आकारात.

रोटरीचं यंत्र जवळ नसेल किंवा प्रती दोन-तीनशेच हव्या असतील तर पुस्तिकाच बरी. १८ × २३ इंचांच्या डेमी कागदाच्या दोन्ही बाजू छापल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. दोन फर्मे, जाडसर कव्हर, सेंटर पिनिंग (घडीच्या मधोमध पिना), तीन बाजूंनी कटिंग. यात ३२ पानं मिळतात आणि गटातल्या एका चांगल्या वादाला ती पुरतात. शंभरच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाईच स्वस्त पडते.

परवानगीचं काम मात्र छपाईच्या आधीचं आहे आणि ते टाळता येत नाही. गटात लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच असतो. गट चालवणाऱ्याकडे नसतो, आणि ज्या ॲपवर तो लिहिला त्याच्या अटींमुळे आपल्याला काही हक्क मिळत नाही. प्रत्येकाला त्याचा दुरुस्त केलेला तुकडा पाठवावा, नाव कसं द्यायचं ते विचारावं आणि लेखी होकार घ्यावा, मेसेजमध्ये का होईना. बंद गटात विश्वासाने सांगितलेली गोष्ट, एखाद्या गिऱ्हाइकाबद्दलची तक्रार, न झालेल्या कामाचा फोटो हे लिहिणाऱ्याने हो म्हटलं तरी संपादकाने दोनदा पाहावं, कारण त्यात तिसरा माणूसही असतो. ठरावीक काळाने अंक काढायचा असेल तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे नियतकालिकाची नोंदणी लागते. एकदाच निघणारी पुस्तिका त्यात येत नाही, पण ती पुस्तक ठरते, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. त्या ग्रंथालयांत मुंबईचंही आहे. लहान प्रकाशक हे बहुतेक वेळा करत नाहीत. गटातलं बोलणं पन्नास वर्षांनी कुणा अभ्यासकाला सापडावं असं वाटत असेल तर प्रतींची संख्या ठरवताना या प्रती आधीच धराव्यात, आणि मग छापखान्याकडे दर मागताना तीन आकडे विचारावेत: काळ्या शाईत ५००, काळ्या शाईत १०००, आणि फक्त कव्हर रंगीत ठेवून १०००.